सॅन फ्रान्सिस्को काउंटीची हद्द कायद्याच्या मजकुरावरून नकाशावर उतरवताना

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत आणि प्रत्येकीची हद्द राज्याच्या गव्हर्नमेंट कोड या कायदासंहितेत शब्दांत लिहिलेली आहे. त्या कलमांत नकाशा नाही आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कलमात अक्षांश-रेखांशही नाहीत. हे कलम २३१३८. मजकूर एका परिच्छेदाचा. त्यात समुद्रातला एक कोपरा, दोन भूशिरं, एक बेट, एक खडक, साडेचार मैलांची तिरपी रेघ आणि दूरच्या डोंगरापासून मोजत आणलेली एक आडवी रेघ, एवढाच ऐवज आहे. तो वाचून हद्द आखायला बसलं की काय काय करावं लागतं आणि काम कुठे अडतं, ते इथे लिहितो आहोत.

आपल्याकडच्या खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमका गट, दक्षिणेस गाडीवाट. चारी बाजूंना काय आहे ते सांगितलं की मिळकत ओळखता येते. अमेरिकी कायद्यातलं वर्णन वेगळ्या रीतीने चालतं. ते एका कोपऱ्यावरून निघतं, 'तेथून अमक्या दिशेने, अमक्याच्या कडेने, अमक्या ठिकाणापर्यंत' असं करत पुढे जातं आणि शेवटी निघालं तिथेच परत येतं. म्हणून पहिलं काम लेखणीचं. प्रत्येक 'तेथून' पाशी वाक्य तोडायचं आणि तक्ता करायचा: कुठून, कोणत्या दिशेने, कशाला धरून, कुठपर्यंत, आणि पलीकडे कोणती काउंटी. सॅन फ्रान्सिस्कोच्या मजकुराचे असे सहा-सात तुकडे पडतात. नकाशा उघडण्याआधी हा तक्ता पुरा झालेला बरा. एकदा नकाशा समोर आला की डोळा आधीच छापलेल्या रेघेकडे ओढला जातो आणि मजकुरातलं नेमकं शब्दांकन निसटतं.

दिशेच्या शब्दांत दोन जाती आहेत, त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. 'नॉर्दर्ली', 'ईस्टर्ली' हे ढोबळ शब्द. त्यांचा अर्थ साधारण उत्तरेकडे, साधारण पूर्वेकडे. खरी दिशा पुढे ज्या खुणेपर्यंत जायचं ती खूण ठरवते. 'ड्यू' हा शब्द आला की मात्र दिशा नेमकी धरायची. याच कलमात एका ठिकाणी 'ड्यू साउथईस्ट' आहे, म्हणजे खऱ्या उत्तरेपासून १३५ अंश. होकायंत्राच्या उत्तरेपासून नव्हे. या भागात होकायंत्राची सुई आज खऱ्या उत्तरेच्या सुमारे १३ अंश पूर्वेला झुकते. साडेचार मैलांवर तेवढी चूक झाली तर कोपरा दीड किलोमीटरहून जास्त सरकतो.

मजकुरात विसंगती निघणार हे धरूनच चालायचं. तेव्हा कोणाचं ऐकायचं याचा क्रम न्यायालयांनी फार पूर्वी घालून दिला आहे. सर्वांत वर निसर्गाची खूण: नदी, डोंगराचा कणा, खडक, किनारा. तिच्याखाली माणसाने रोवलेला दगड किंवा खांब, मग शेजारच्या हद्दीचा उल्लेख, मग दिशा आणि अंतर, आणि सर्वांत खाली क्षेत्रफळ. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २०७७ जमिनीच्या दस्तांसाठी हेच सांगतं: कायमची, दिसणारी किंवा निश्चित झालेली खूण आणि मोजमाप यांत मेळ नसेल तर खूण वरचढ. कारण साधं आहे. लिहिणाऱ्याने खडक डोळ्यांनी पाहिलेला असतो. अंतर मात्र त्याने साखळीने मोजलेलं, कधी नुसतं अजमासाने लिहिलेलं असतं. त्या काळची गुंटरची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. ८० साखळ्यांचा एक मैल. (मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत ३३ फुटांची साखळी होती, म्हणजे बरोबर याच्या निम्मी, गुंठा म्हणजे तिचाच चौरस, १०८९ चौरस फूट.) चढ-उतारावर साखळी तिरकी धरली, किंवा वापरून वापरून कड्या ताणल्या, की मैलामागे काही फूट सहज जातात. खडक मात्र जागचा हलत नाही.

हिशेबाला लागण्यापूर्वी एक शोध घ्यायचा: या रेघेची मोजणी आधी झाली आहे का? नैसर्गिक खुणांनी हद्द पुरेशी स्पष्ट होत नसेल तर संबंधित काउंट्यांचे भूमापक मिळून ती जागेवर कायम करतात आणि काउंट्यांची मंडळं तिला मान्यता देतात, किंवा राज्याचा स्टेट लँड्स कमिशन ते काम करतो. अशी मंजूर मोजणी सापडली तर तिच्या खुणा आपल्या हिशेबाच्या वर. नवा माणूस हमखास इथे चुकतो. तो मजकुरावरून स्वतः बिंदू काढतो आणि जागेवरचा जुना खांब 'चुकीचा' ठरवतो. खांब कायद्याने मान्य झालेला असेल तर तो जिथे आहे तिथेच कोपरा आहे.

आता प्रत्यक्ष आखणी. मजकूर नैऋत्य कोपऱ्यापासून सुरू होतो, पण आम्ही दक्षिणेची आडवी रेघ आधी काढतो, कारण तो कोपराही तिच्यावरच बसतो. मजकूर म्हणतो, माउंट डायब्लो बेसच्या टाउनशिप ३ दक्षिण हिची उत्तर बाजू. माउंट डायब्लो हा सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेचा ३,८४९ फुटांचा डोंगर. १८५१ साली त्याच्या माथ्यावरून एक पूर्व-पश्चिम आणि एक उत्तर-दक्षिण रेषा धरून सरकारी जमिनीची मोजणी सुरू झाली. टाउनशिप म्हणजे या मोजणीतला चौकोन, प्रत्येक सहा मैल लांब, सहा मैल रुंद. दक्षिणेकडची पहिली टाउनशिप सहा मैलांवर संपते, दुसरी बारा मैलांवर, आणि तिथेच तिसरीची उत्तर बाजू लागते. माथ्याचा अक्षांश ३७ अंश ५२ मिनिटं ५४ सेकंद. त्यातून बारा मैल, म्हणजे १९.३१ किलोमीटर, वजा केले की ३७.७१ अंशांच्या आसपास येतो. सॅन फ्रान्सिस्को आणि डेली सिटी यांच्यामधून जाणारी काउंटीची सरळ रेघ तिथेच आहे. नकाशावर जी रेघ डोंगर-ओढ्याशी काहीही नातं नसलेली वाटते, तीही मुळात एका डोंगरमाथ्याला बांधलेली आहे, हे हा हिशेब केल्यावर कळतं.

पण हिशेबाने आलेली रेघ फक्त ताळा पाहण्यासाठी वापरायची. टाउनशिपची खरी बाजू म्हणजे सरकारी मोजणीदाराने जागेवर खुणा करून चाललेली बाजू. मोजणीदार चुकला असला तरी त्याच्या खुणा कायम. इथे अडचण अशी की या पट्ट्यात मेक्सिकन काळातल्या खासगी रांचोंच्या (मोठ्या इनामी कुरणांच्या) जमिनी होत्या आणि पुढे खाडीचं पाणी. पाण्यावर खूण रोवता येत नाही. म्हणून पूर्वेला आणि पश्चिमेला रेघ नुसती पुढे वाढवावी लागते; मजकुरातही 'टाउनशिपच्या रेषा आणि त्यांचा विस्तार' असंच म्हटलं आहे. वाढवताना ती अक्षांशाला धरून वाढवायची की सरळ रेषेत, हे आधी ठरवून टिपून ठेवावं. पूर्व-पश्चिम जाणारी टाउनशिपची बाजू अक्षांशाला धरून असते. नकाशाच्या प्रक्षेपणात ताणलेली सरळ रेघ तिच्यावरून हळूहळू सुटते.

नैऋत्य कोपरा 'पॅसिफिक महासागरात' आहे, पण किनाऱ्यापासून किती आत, ते आजच्या मजकुरात नाही. १८५० च्या फेब्रुवारीत राज्याच्या पहिल्या २७ काउंट्या झाल्या. तेव्हाच्या मजकुरात समुद्रात तीन मैल आणि मग किनाऱ्याला समांतर असं स्पष्ट होतं. राज्याच्या १८४९ च्या घटनेतही समुद्रात तीन इंग्रजी मैल आहेत. इंग्रजी मैल धरले तर ४.८३ किलोमीटर, पण १९५३ च्या केंद्रीय कायद्यातले तीन मैल सागरी, म्हणजे ५.५६ किलोमीटर. कोणता मैल धरला हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलंच पाहिजे. किनारा सरकला की त्याला समांतर काढलेली रेषाही सरकते, हा यातला दुसरा गुंता. केंद्र आणि कॅलिफोर्निया यांच्यातल्या सागरी हद्दीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तो सोडवला: रेषा अक्षांश-रेखांशांत लिहून कायमची गोठवली. काउंटीच्या मजकुराला तशी सोय नाही.

वायव्य कोपरा सापडतो तो खाडीच्या मुखाच्या उत्तर बाजूची ओहोटीची रेषा पश्चिमेकडे वाढवून. इथे 'ओहोटी' कोणती? पॅसिफिक किनाऱ्यावर दिवसातून दोन ओहोट्या येतात आणि त्यांची पातळी सारखी नसते. सगळ्या ओहोट्यांची सरासरी घेतली तर एक पातळी मिळते, रोजच्या जास्त खोल ओहोटीचीच सरासरी घेतली तर दुसरी. सॅन फ्रान्सिस्कोत या दोन पातळ्यांमध्ये सुमारे एक फुटाचा फरक आहे. अमेरिकी सागरी नकाशांचा शून्य दुसऱ्या पातळीवर असतो, त्यामुळे नकाशावरून रेषा उचलताना ती नकळत तीच घेतली जाते. मुखाच्या उत्तरेला असलेल्या मरीन काउंटीच्या उभ्या कड्यांवर एक फुटाने काही बिघडत नाही. शंभरास एक उताराच्या चिखलवटीवर मात्र तोच एक फूट हद्द शंभर फूट हलवतो. सरासरीही एका वर्षाची चालत नाही. चंद्राच्या कक्षेचं चक्र १८.६ वर्षांचं असल्यामुळे १९ वर्षांची नोंद धरतात. या बाबतीत हे शहर भाग्यवान आहे. खाडीच्या मुखाशी, गोल्डन गेटजवळ १८५४ पासून भरती-ओहोटी अखंड मोजली जाते आहे.

तेथून पूर्वेकडे, 'पॉइंट बोनिटा आणि पॉइंट कव्हालो यांमधून' एंजेल आयलंडच्या सर्वांत आग्नेय टोकापर्यंत. भूशिराला नकाशावर नाव असतं, पण ते काही बिंदू नसतं. पॉइंट बोनिटाचं टोक म्हणजे पाण्याजवळचा शेवटचा खडक, कड्याची धार, की दीपगृह? दीपगृह सोयीचं वाटतं, कारण त्याचे अक्षांश-रेखांश चटकन मिळतात. तरी ते घेऊ नये. पॉइंट बोनिटाचं दीपगृह १८५५ साली फार उंचावर बांधलं गेलं, धुक्यात दिवा दिसेना म्हणून १८७७ साली ते खाली टोकाकडे हलवलं. माणसाने बांधलेली वस्तू हलते; मजकुरात नाव भूशिराचं आहे, म्हणून टोक जमिनीचंच घ्यायचं. आणि एका टोकाला ओहोटीची रेषा धरली तर सगळ्या टोकांना तीच धरायची.

एंजेल आयलंडचं आग्नेय टोक म्हणजे पॉइंट ब्लंट. त्याच्यासमोर पाण्यात खडक आहे. तो बेटाचा भाग धरायचा की नाही? ओहोटीलाही मध्ये पाणी राहत असेल तर आम्ही धरत नाही. इथून पुढे मजकूर अंग काढून घेतो. 'मरीनच्या पूर्व हद्दीने उत्तरेकडे' एवढंच म्हणतो, म्हणजे मरीनचं कलम २३१२१ उघडावंच लागतं. पॉइंट ब्लंटवरून रेड रॉककडे निघणारी रेघ बेटाच्या पूर्व किनाऱ्याच्या फुगवट्याला छेदते. बेट मरीनचं, पण पूर्वेची एक चिंचोळी पट्टी सॅन फ्रान्सिस्कोत जाते. पहिल्यांदा आखणाऱ्याला ही आपलीच चूक वाटते आणि तो रेघ वाकवून बेटाबाहेर काढतो. वाकवू नये. मजकुरात वळण नसेल तर आखणीतही नको.

रेड रॉक हा रिचमंड–सॅन राफेल पुलाच्या दक्षिणेला असलेला जेमतेम सहा एकरांचा खडक. मजकुरात 'गोल्डन रॉक, ज्याला रेड रॉकही म्हणतात' असा येतो. जुनं आणि नवं दोन्ही नावं दिली आहेत, हे मसुदा लिहिणाऱ्यांचे उपकारच. नाव बदललं की खूण हरवते, आणि हरवलेली खूण शोधायला जुने नकाशे, जुनी दप्तरं धुंडाळावी लागतात. या खडकाचं वायव्य टोक मरीन, कॉन्ट्रा कोस्टा आणि सॅन फ्रान्सिस्को यांचा सामाईक कोपरा आहे. तिथून नेमकं आग्नेयेला साडेचार स्टॅट्यूट (म्हणजे जमिनीवरचे, सागरी नव्हेत) मैल. वायव्य टोकावरून आग्नेयेला निघालेली रेघ आधी खडकावरूनच जाते, म्हणजे एवढासा खडकही वाटला गेला.

साडेचार मैल म्हणजे २३,७६० फूट, ७.२४२ किलोमीटर. ४५ अंशांवर ते दक्षिणेला ५.१२ आणि पूर्वेला ५.१२ किलोमीटर होतात, आणि कोपरा अंदाजे ३७.८८ उत्तर, १२२.३७ पश्चिम इथे खाडीच्या पाण्यात पडतो. फूट कोणता, यावर इथे वाद घालण्यात अर्थ नाही. २०२२ अखेर बाद झालेला अमेरिकी मोजणीचा सर्व्हे फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांच्यात या अंतरावर दीड सेंटिमीटरचाही फरक पडत नाही. घात करतो तो संदर्भ-आधार, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्याच्यावरून मोजतात ती चौकट. जुना कागदी नकाशा १९२७ च्या आधारावर असतो, संगणकातले थर १९८३ च्या. एकाचे आकडे दुसऱ्यात तसेच टाकले तर या भागात सगळी रेघ शंभर मीटरच्या आसपास सरकते, आणि ती सगळीकडे सारखीच सरकत असल्यामुळे आकृती बघून चूक लक्षात येत नाही.

पुढची बाजू 'अलामेडाच्या पश्चिम हद्दीने', म्हणजे पुन्हा शेजारचं कलम, २३१०१. १८५० च्या मजकुरात ही रेघ पूर्व किनाऱ्याच्या भरतीरेषेपासून तीन मैलांच्या हिशेबाने खाडीतून नेली होती. तेव्हा ती पाण्यावरची रेघ होती. नंतर अलामेडा बेटाच्या पश्चिम टोकाला भराव पडला, नौदलाचा विमानतळ झाला आणि भरावाचं टोक रेघेपलीकडे गेलं. त्यामुळे आज अलामेडा बेटाचा एक छोटा तुकडा सॅन फ्रान्सिस्को काउंटीत आहे. तत्त्व पक्कं आहे: माणसाने घातलेल्या भरावाने हद्द हलत नाही. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडवर १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच लावलं. मूळ तीन एकर न्यूयॉर्कचे राहिले, भरावाची जमीन न्यू जर्सीची ठरली. उलट बाजूचं उदाहरण मार्बल हिलचं. १८९५ साली कालवा खोदला तेव्हा ही वस्ती मॅनहॅटनपासून तुटली, १९१४ साली जुना प्रवाह बुजवला तेव्हा ब्रॉन्क्सच्या जमिनीला चिकटली, तरी काउंटी आजही न्यूयॉर्कच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आजच्या मजकुरात नदी नाही, हे आखणाऱ्याचं सुदैव. १८५० मध्ये होती: सॅन फ्रान्सिस्किटो ओढ्याच्या मुखातून त्याच्या मध्याने वर, सांताक्रूझ डोंगरातल्या 'उगमापर्यंत', आणि तेथून नेमकं पश्चिमेला समुद्राकडे. १८५६ साली सॅन मटेओ काउंटी वेगळी झाल्यावर ही कटकट तिच्याकडे गेली. मुख मिळतं, मध्य काढता येतो, पण उगम? या नावाचा ओढा बेअर क्रीक आणि कोर्टे मडेरा क्रीक यांच्या संगमापासूनच सुरू होतो. डोंगरात वर जाणाऱ्या कोणत्याही फाट्याला हे नाव नाही. कोणता फाटा धरायचा यावर मैलोगणती जमीन इकडची तिकडे होते. हद्दीच्या मसुद्यात 'उगम' हा शब्द आम्हाला सर्वांत धोक्याचा वाटतो, 'मुख' त्याखालोखाल.

नदीची दुसरी अडचण चालीची. तिने काठ हळूहळू खाल्ला, गाळ टाकत सरकली, तर हद्द तिच्याबरोबर सरकते. पुराने एका फटक्यात नवा मार्ग काढला तर हद्द जुन्या पात्रातच राहते. १८७७ साली मिसुरी नदीने वळण तोडलं. १८९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम लावला, आणि कार्टर लेक गाव नदीच्या पश्चिमेला, नेब्रास्काच्या बाजूला असूनही आयोवातच राहिलं. १८८१ च्या पुरानंतर मिसिसिपीच्या पश्चिमेला गेलेलं कॅस्कास्किया अजून इलिनॉयच्या रँडॉल्फ काउंटीत आहे. म्हणून नदीची हद्द आखताना आजचं उपग्रहचित्र शेवटी उघडायचं. आधी कायदा झाला त्या वर्षाच्या जवळचा नकाशा, मग मधले नकाशे एकामागून एक, आणि प्रत्येक बदलापुढे 'हळूहळू' की 'एकदम' अशी नोंद. नोंदीला पुरावा लागतो. जुन्या पात्राचं तळं राहिलं असेल, जुनी झाडं दोन्ही पात्रांच्या मध्ये उभी असतील, तर बदल एकदम झाला असण्याचा संभव मोठा.

सगळ्या बाजू आखून झाल्या की रेघ सुरुवातीच्या कोपऱ्यावर मिळते का ते पाहायचं. इथे ती मिळणारच, कारण शेवटची बाजू 'सुरुवातीच्या ठिकाणापर्यंत' अशी लिहिलेली आहे. त्यामुळे नुसतं मिळणं म्हणजे आखणी बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. खरा ताळा शेजाऱ्यांच्या मजकुराशी: मरीन, कॉन्ट्रा कोस्टा, अलामेडा आणि सॅन मटेओ (कलम २३१४१) यांची कलमं स्वतंत्रपणे आखायची आणि सामाईक कोपरे एकावर एक बसतात का बघायचं. मध्ये फट किंवा दुहेरी पट्टी दिसली तर बहुतेक वेळा एकाच खुणेचं टोक दोन ठिकाणी दोन तऱ्हेने घेतलेलं असतं. आग्नेय कोपऱ्यासाठी आणखी एक ताळा आहे. तो टाउनशिप ३ दक्षिण, रेंज ४ पश्चिम (रेंज म्हणजे पूर्व-पश्चिम मोजलेला सहा मैलांचा पट्टा) हिच्या उत्तर बाजूवर पडला पाहिजे, म्हणजे माउंट डायब्लोच्या उत्तर-दक्षिण रेषेपासून १८ ते २४ मैल पश्चिमेला. बाहेर पडला तर अलामेडाची बाजू पुन्हा वाचायची.

शेवटी मजकुरातलं सर्वांत छोटं वाक्य उरतं: फॅरलॉन बेटं या काउंटीचा भाग आहेत. गोल्डन गेटपासून सुमारे ४८ किलोमीटर पश्चिमेला, सगळ्या आखलेल्या रेघांच्या बाहेर. त्यांच्यासाठी दिशा नाही, अंतर नाही, कोपरा नाही. नुसतं नाव घेऊन ती आत घेतली आहेत. संगणकावर काउंटी एकच आकृती म्हणून साठवली असेल तर ही बेटं गळतात, आणि बऱ्याच नकाशांत ती गळलेली दिसतात. ती वेगळा तुकडा म्हणून जोडायची आणि दोन्ही तुकड्यांना काउंटीचा एकच क्रमांक द्यायचा. बेटांभोवतीच्या पाण्याची कड कुठे धरली, तेही तीन मैलांच्या नोंदीशेजारीच लिहून ठेवायचं.